गाडीत चढलं की सगळं माल

भाद्रपद लागला की माझे कान रस्त्याकडे लागतात. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत दिवसभर हॉर्नचा गोंधळ असतो. रिक्षा, क्लासला उशीर झालेली पोरं, दवाखाना शोधत फिरणारे गावाकडचे पाहुणे. पण त्यातला एक घोगरा, सर्दी झालेला हॉर्न मला दुसऱ्या मजल्यावर, कुकरच्या शिट्टीतूनही ओळखू येतो. हातातलं काम तसंच टाकून मी गॅलरीत येते, तोवर खालून हाक आलेलीच असते.

"आक्का, माल आलाय! खाली या!"

हा इकबाल. माझ्या माहेरचा, शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावचा. त्याचं घर आमच्या घरामागच्याच बोळात, वाडवडिलांपासून. त्याचे वडील बैलगाडीनं भाजी बाजाराला न्यायचे, हा टेम्पोनं कोल्हापूरला आणतो. भाजीच्या क्रेटांत, फुलांच्या करंड्यांत कुठेतरी एक खताची पांढरी पिशवी माझ्या नावची असते. माझा धाकटा भाऊ म्हादू ती पाठवतो. पावसाळ्याच्या शेवटी भुईमुगाच्या ओल्या शेंगा, थंडीत मळीतली, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातली, वांगी, मधूनच काकड्या, घेवडा, चार कणसं. रानात नवं काही आलं की पहिला वाटा आक्काचा.

"माल काय म्हणतोस रे मेल्या," मी दरवेळी म्हणते. "वानवळा म्हण."

"तुमी काय बी म्हणा. गाडीत चढलं की सगळं माल."

ही आमची जुनी जुगलबंदी आहे. मी छापखान्यांची मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं. लोकांच्या लिहिण्यातल्या चुका काढून पोट भरलं म्हणा ना. त्यामुळे दुसऱ्याचा शब्द मुकाट्यानं गिळणं मला जमत नाही. इकबाललाही माघार घेणं जमत नाही. तो टेम्पो चालू ठेवून वाद घालतो, मागची गाडी बोंबलते, मग मी पिशवी घेऊन जिना चढते.

कोशात 'माल' शब्दापुढे 'अरबी' असं लिहिलेलं असतं. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला आणि असा काही रुळला की मालगाडी, मालधक्का, मालमत्ता म्हणताना तो परका आहे असं कुणाला वाटत नाही. गंमत अशी, की वाहून न्यायची वस्तू हा काही त्याचा मूळचा अर्थ नव्हे. मुळात माल म्हणजे धन, ज्याचं जे असेल ते. गुरं राखत हिंडणाऱ्या अरबांच्या तोंडी तर माल म्हणजे जनावरंच, उंट आणि शेळ्यामेंढ्या. काही जण त्याची फोड 'जे माझं आहे ते' अशी करून दाखवतात. जाणकार ती मानत नाहीत, पण मला ती आवडते. मालक हा शब्द मात्र त्याच्या कुळातला नाही, तो वेगळ्याच धातूचा. दोघं इतकी वर्षं शेजारी राहिले की सख्खे वाटतात. आपल्याकडे येता येता 'माझं' हा अर्थ मागे पडला आणि गाडीत चढलेलं, वाटेत असलेलं, कुणाच्या तरी हातून कुणाच्या तरी हातात जाणारं जे असेल ते माल झालं.

वानवळ्याचं तसं नाही. तो शब्द कुठून आला हे कोश नीटसं सांगत नाहीत. 'वानगीदाखल' म्हणतो आपण, त्यातली वानगी त्याच्या नात्यातली असावी असा माझा आपला अंदाज. वानगी म्हणजे नमुना. यंदा आमचं रान असं पिकलंय, बघ, एवढाच निरोप त्या पिशवीत असतो. म्हणून वानवळा थोडाच असतो, आणि म्हणूनच तो आपल्याच रानातला असावा लागतो.

आमच्या घरात तो घेण्याचीही एक रीत होती. पिशवी आली की मी पहिल्यांदा एक शेंग फोडून तोंडात टाकायची आणि म्हादूला फोन लावायचा. 'चांगल्या आहेत' असं म्हणायचं नाही. नावं ठेवायची.

"म्हादू, यंदा दाणा बारीक हाय रं."

"तुला काय कळतंय? गाढवाला गुळाची चव काय!"

मग तो खुशीत हसायचा आणि शेजारून रंजना, त्याची बायको, "आक्काला म्हणावं, येऊन काढा की शेंगा, मग कळंल," असं ओरडायची. आमच्याकडे कौतुक असंच करतात. तोंडावर गोड बोलणाऱ्या माणसाचा आमच्या गावात संशय येतो. आई असताना ती पहिली नावं ठेवायची, म्हादूच्या शेतीला आणि माझ्या स्वयंपाकाला. तिच्या माघारी ते काम माझ्याकडे आलं, आणि मी ते मन लावून करत होते.

मग तो पूर आला.

कृष्णेचं पाणी आमच्या गावाला नवं नाही. प्रत्येक घरात भिंतीवर कुठेतरी जुन्या पुराची खूण असते आणि प्रत्येक घराला खात्री असते की पाणी त्या खुणेच्या वर येत नाही. म्हादूही त्या खुणेवर विसंबला. धान्याची पोती खुणेच्या वर, माळ्यावर ठेवली आणि निवांत बसला. पाणी खुणेवरून गेलं, माळ्यावर गेलं. मी इथं कोल्हापुरात, कोरड्या घरात, मोबाइल हातात धरून बसले होते. शहराच्या खालच्या भागांतही पाणी शिरलं होतं, आमच्या नळाला पाणी नव्हतं, आणि सगळी गल्ली टँकरची वाट बघत भांडत होती. त्या भांडणात मीही दोन घागरींसाठी तोंड सोडलं. नंतर लाज वाटली. माझ्या माहेरी पाण्यानं घर गिळलं होतं आणि मी पाण्यावरून भांडत होते.

म्हादूचा फोन लागत नव्हता. लागला तो इकबालचा.

"आक्का, काळजी करू नगासा. म्हादूचा माल नीट उतरवलाय, वरच्या गावात."

"कसला माल? भांडी-कुंडी?"

"भांडी कुठली घेऊन बसलाय! म्हसरं की. आदी म्हसरं काढली, मग माणसं. भांडी ऱ्हायली तितंच."

त्याचा टेम्पो भाजीचा. त्यात म्हादूच्या म्हशी फळ्या लावून चढवल्या होत्या. इकबालनं अरबी कोश कधी उघडलेला नाही आणि त्याला त्याची गरजही नव्हती. बुडायची वेळ आली तेव्हा माल म्हणजे काय, हे गावात कुणालाच विचारावं लागलं नाही.

"म्हादूला म्हणावं, इकडं या सगळी. घर मोकळं आहे."

"म्हशी सोडून येतोय व्हय तो? तुमच्या जिन्यानं म्हशी चढत असतील तर सांगा."

म्हादू आला नाही. म्हशींपाशी, शाळेच्या पडवीत राहिला. मीही गेले नाही. रस्ते बंद होते हे खरं. पण रस्ते सुरू झाल्यावरही मी लगेच गेले नाही, हेही खरं. काय बोलू, कशी बघू, या विचारात दिवस काढले. बसचा प्रवास झेपत नाही, गुडघे दुखतात, असं स्वतःला सांगत राहिले. गुडघे दुखत होते, पण माहेरी लग्न असतं तर ते दुखले नसते.

पाणी उतरलं. घरातला चिखल खोऱ्यानं काढावा लागला, असं रंजनानं फोनवर सांगितलं. रानातल्या शेंगा वेलासकट कुजल्या होत्या. वास गावभर होता. म्हादू फोनवर फार बोलायचा नाही. "हाय, चाललंय," म्हणायचा आणि फोन रंजनाकडे द्यायचा. त्याचा तो पडका आवाज मला ऐकवत नव्हता. नेहमीसारखं काहीतरी व्हावं, त्यानं एकदा तरी माझ्यावर खेकसावं, असं वाटत होतं. गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या. फुलवाती करता करता मी फोन लावला आणि दरवर्षीच्याच ठसक्यात म्हणाले,

"काय रं, गौरी आल्या की. यंदा माहेर आटलं काय?"

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता. माझ्या मनात काही नव्हतं. त्याला हसवायचं होतं, तो 'गाढवे' म्हणेल असं वाटलं होतं. आमच्याकडे दुखऱ्या माणसाला 'फार वाईट झालं रे' असं कुणी म्हणत नाही, थट्टा करून त्याला माणसांत आणतात.

"पाठवतो की," म्हादू म्हणाला.

"अरे, मी आपलं चेष्टेनं..."

"पाठवतो म्हणलं न्हवं? ठेव आता."

गौरी यायच्या दिवशी सकाळी घोगरा हॉर्न वाजला. मी गॅलरीत आले. इकबाल पिशवी हातात घेऊन उभा होता. वर बघून नेहमीसारखं ओरडला नाही. मी खाली गेल्यावर पिशवी माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाला,

"आक्का, वानवळा आलाय."

इतकी वर्षं माझ्याशी भांडून त्यानं जो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो त्या दिवशी आपणहून काढला. मी पिशवीत हात घातला. शेंगा धुतलेल्या होत्या. म्हादू कधी शेंगा धुऊन पाठवत नाही, धुतल्या की टिकत नाहीत म्हणतो. दरवर्षी काळ्या मातीचे गोळे घरभर होतात आणि मी त्यावरही नावं ठेवते. ह्या शेंगा स्वच्छ होत्या. फक्त सालीच्या खाचेत, जिथं बोट पोचत नाही तिथं, जरा जरा लाल माती राहिली होती. आमच्या मळीत लाल मातीचा खडाही सापडायचा नाही. ती दूरच्या, वरच्या अंगाच्या माळरानाची माती.

"इकबाल, ही पिशवी कुठं चढली रे?"

तो टेम्पोच्या आरशावरची धूळ पुसू लागला.

"इकबाल."

"जयसिंगपुरात," तो म्हणाला. "बाजारात. सकाळच्या पारी माझ्याच गाडीतनं आलता. शेंगा बघून बघून घेतल्या त्यानं, आक्का. बारीक दाणा नगो म्हणला, आक्का नावं ठेवतीया. मग नळाखाली बसून धुतल्या. मला म्हणला, बोलायचं न्हाय. मी काय बोललो न्हाय, बरं का."

आणि टेम्पो घेऊन गेला.

मी ती पिशवी घेऊन जिन्यातच बसले. शेजारच्या बाई वरून उतरत होत्या, म्हणाल्या, "आला वाटतं माहेरचा वानवळा! पुरातसुद्धा भाऊ विसरला नाही हो तुमचा." मी मान हलवली. दरवर्षीप्रमाणे बिल्डिंगमध्ये ओंजळ ओंजळ वाटल्या. "आमच्या मळीतल्या," असं प्रत्येक दाराशी म्हटलं. माझ्या तोंडून इतकं सफाईदार खोटं कधी निघालं नव्हतं. ज्याच्या घरात अजून चिखलाचा वास होता त्या माणसाला मी चेष्टा चेष्टेत बाजारात पाठवलं होतं. त्यानं ते कसं जमवलं असेल, हा विचार मी मनात येऊ देत नव्हते आणि तोच सारखा येत होता. उरलेल्या शेंगा मिठात उकडल्या, गौरीपुढे ठेवल्या. गौरी माहेरी आलेल्या, तोंडावर हसू घेऊन बसलेल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी फोन करणं भाग होतं. काय बोलावं? 'कशाला विकत आणल्यास?' म्हटलं तर त्याची लाज उघडी पडणार. 'पुढच्या वर्षी नको पाठवू' म्हटलं तर त्याचा अर्थ, तुझी परिस्थिती मला कळली, तू आता देणाऱ्यांतला राहिला नाहीस. बहिणीनं वानवळा नको म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. आणि नेहमीसारखी नावं ठेवायची म्हटलं तर जीभ उचलेना. त्या शेंगांना नावं ठेवायला मी दगडाची असायला हवी होते.

"कशा हायत शेंगा?" त्यानंच विचारलं.

"चांगल्या हायत रे. लै गोड हायत. दाणा कसा भरलाय!"

मला वाटलं, तो सुखावेल. तो एवढंच म्हणाला, "बरं. ठेवू?" आणि ठेवला. मी मात्र सुटले असं वाटून पदरानं तोंड पुसलं.

त्यानंतर रान पुन्हा उभं राहिलं. पुरानं घेतलं तसं दिलंही, मळीवर नवा गाळ बसला. पुढच्या भाद्रपदात इकबालचा हॉर्न वाजला, "आक्का, माल आलाय!" अशी आरोळीही आली, आणि मी जिना उतरून पिशवीत हात घातला तो शेंगेसाठी नव्हे, मातीसाठी. काळी निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी तर नेहमीपेक्षा जास्तच होती, मुठीएवढी ढेकळं. तेव्हापासून दरवर्षी असंच. पिशवी आली की मी आधी खाच बघते. नाक्यावर गाड्या अडवून तपासणाऱ्या शिपायासारखी मी माझ्या भावाची पिशवी तपासते आणि मगच शेंग तोंडात टाकते. तपासून झालं की वाईट वाटतं. वाईट वाटलं की फोन लावते आणि म्हणते, "फार छान आहेत रे शेंगा." पूर्वी दहा वाक्यं व्हायची. आता दोन होतात. "बरं," म्हणतो आणि ठेवतो. मला वाटायचं, वय झालं त्याचं.

शब्दांच्या चुका मला लांबून दिसतात. माझ्या स्वतःच्या बोलण्यातली चूक मात्र इतके भाद्रपद दिसली नाही.

काल पुन्हा पिशवी आली. गौरी तोंडावर आहेत, बाजारात तेरड्याच्या जुड्या दिसायला लागल्यात, गल्लीतल्या मंडपातून ढोलाचा सराव ऐकू येतोय. मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून पिशवी ओतली. काळी माती, ओली, नदीच्या वासाची. एक शेंग उचलून खाचेत नखानं कोरून बघितली. इतक्यात फोन वाजला. म्हादू. तो आपणहून कधी फोन करत नाही.

"पोचली काय पिशवी?"

"पोचली की. फार छान..."

"थांब. माती बघून झाली काय?"

माझ्या हातात ती शेंग तशीच राहिली.

"कसली माती?"

"उगच वेड पांघरू नगो, आक्का. दर साली बघतीस. इकबाल सांगतोय न्हवं, पिशवी हातात पडली की आदी माती कुरतडतीया म्हणून. म्हणून तर मी ढेकळं घालून पाठवतोय. आपली हाय म्हणलं, बघू दे पोटभर."

"इकबालनं त्या साली तुला सांगितलं होतं तर!"

"तो काय सांगतोय? तूच सांगितलंस. लै गोड हायत म्हणालीस. जन्मात कधी माझ्या शेंगेला चांगलं म्हणाली न्हाईस, आणि त्या दिवशी दाणा कसा भरलाय म्हणं! तवाच कळलं, हिला कळलंय."

माफ कर म्हणावं असं ओठावर आलं होतं. मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं, असं कसंबसं म्हणाले.

"ते जाऊ दे गं. माहेर आटलं म्हणालीस त्याचं काय वाटलं न्हाय मला," म्हादू म्हणाला. "उलट बरं वाटलं, सगळं गाव बुडाल्यावानी बोलत होतं, तू एकटीच पैल्यासारखी बोललीस. बाजारात गेलतो ते बी खुशीनं गेलतो. पर त्याच्या म्होरं दर साली तू चांगल्या हायत, छान हायत चालवलंस. आई गेली, नावं ठेवणारं तू एकटं उरलीस, आणि तू बी पावण्यावानी बोलाय लागलीस. घरचं माणूस नावं ठेवतंय, आक्का. चांगलं पावणं म्हणतंय."

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं जपणं समजत होते, ते त्याला परकं करणं होतं. त्या एका पिशवीचं ओझं मी धरून ठेवलं आणि त्याच्या स्वतःच्या रानातल्या, स्वतःच्या घामाच्या चांगल्या शेंगांना दरवर्षी बाजारच्या शेंगांची वागणूक दिली. बाजारचा माल चांगला म्हणून घ्यायचा असतो. वानवळा तसा घ्यायचा नसतो, हे त्या शब्दासाठी इकबालशी भांडणाऱ्या मलाच कळू नये! फोनवर मी रडतेय हे त्याला कळू नये म्हणून तोंडावर हात धरला. हाताला माती होती, ती तोंडाला लागली.

"हायस काय?" तो म्हणाला. "मग? कशा हायत शेंगा?"

मी हातातली शेंग फोडली. तीन दाणे, टपोरे, गुलाबी. तोंडात टाकले. असा गोड दाणा कितीतरी वर्षांत खाल्ला नव्हता. खाल्ला असेल, पण लागला नव्हता.

"पोचट हायत रे म्हादू," मी म्हणाले. "निम्म्या पोचट. आणि माती किती ही! शेंगा पाठवल्यास का रान पाठवलंस?"

मग त्यानं फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण आवाज लांबून आला. "रंजे, ए रंजे! ऐकलंस काय? आक्का म्हणतीया, शेंगा पोचट हायत!" रंजनाचं काहीतरी ओरडणं, म्हशीचं रेकणं, आणि मग म्हादूचं हसणं, पुराच्या आधीचं, पोटातून आलेलं.

"तुला काय कळतंय गं," तो म्हणाला. "गाढवाला गुळाची चव काय!"